संगणकातील द्रवशीतन : खेळांसाठीच्या संगणकाकरिता द्रवशीतकाची निवड व जोडणी

सारांश :
खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या वैयक्तिक संगणकांत द्रवशीतक, म्हणजेच बाजारातील भाषेत 'लिक्विड कूलर', बसविण्याची पद्धत २००९ नंतर झपाट्याने रूढ झाली. याच दर्जाचे संगणक आज चलचित्र-संपादन, त्रिमितीय आरेखन आणि यंत्र-अध्ययन या कामांसाठी महाविद्यालयांतही लागतात. त्यामुळे 'द्रवशीतक घ्यावा काय, घेतल्यास कोणता आणि तो कसा बसवावा' हा प्रश्न केवळ खेळणाऱ्या तरुणांपुरता राहिलेला नाही. द्रवशीतक उष्णता नष्ट करीत नाही, तो ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेतो. या एका तत्त्वाच्या आधारे प्रस्तुत लेखात निवडीचे निकष, जोडणीचा क्रम, देखभाल आणि महाराष्ट्रातील उन्हाळ्याचा विचार यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : द्रवशीतक, वायुशीतक, रेडिएटर, प्रोसेसर, औष्णिक रोध, थर्मल पेस्ट

१. प्रस्तावना :
संगणकाच्या प्रोसेसरला पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता सुमारे १५ वॅट होती व तिच्यासाठी अॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा आणि एक छोटा पंखा पुरत असे. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ मालिकेतील प्रोसेसर १०० वॅटच्या पुढे गेले. २०२३ मध्ये आलेल्या इंटेल कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे. तर एएमडी रायझन ९ ७९५०एक्स (२०२२) हा सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो.

केवळ आकडा पाहून या उष्णतेची तीव्रता लक्षात येत नाही. कोअर आय९-१४९००के मधील सिलिकॉनच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस सेंटीमीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून जवळजवळ १०० वॅट उष्णता बाहेर पडते. घरातील १००० वॅटच्या इस्त्रीच्या तळातून प्रति चौरस सेंटीमीटर जेमतेम पाच-सात वॅट उष्णता बाहेर पडते. इस्त्रीपेक्षा कितीतरी तीव्र असा हा उष्णतेचा झोत इतक्या लहान जागेतून उचलून मोठ्या पृष्ठभागावर पसरविणे, ही शीतनाची खरी समस्या होय.

२. उद्दिष्टे :
प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) द्रवशीतकाच्या कार्यामागील भौतिक तत्त्वे सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२) द्रवशीतक व वायुशीतक यांपैकी योग्य पर्याय निवडण्याचे निकष मांडणे.
३) जोडणी, चाचणी व देखभाल यांतील आवश्यक दक्षता विशद करणे.
४) उष्ण प्रदेशातील घर व प्रयोगशाळा यांच्या दृष्टीने या विषयाचा विचार करणे.

३. द्रवशीतकाची रचना व पूर्वपीठिका :
पाण्याने संगणक थंड करण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९८० साली जाहीर झालेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात पाण्याने थंड होणारे औष्णिक संवहन घटक वापरले होते. १९८५ मधील क्रे-२ या महासंगणकाचे विद्युत मंडल तर वीजवाहक नसलेल्या फ्लुरिनर्ट या द्रवात पूर्णपणे बुडविलेले असे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या, सी-डॅकने विकसित केलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात थेट संपर्क द्रवशीतनाची पद्धत अवलंबिली आहे. वैयक्तिक संगणकात मात्र पूर्वी पंप, टाकी, नळ्या व रेडिएटर स्वतंत्रपणे विकत घेऊन जोडावे लागत आणि हे काम मोजके छांदिष्टच करीत. डेन्मार्कमधील असेटेक या कंपनीने पंप व थंड पट्टी एकाच डबीत बसवून कारखान्यातच द्रव भरलेली बंदिस्त रचना तयार केली. तिच्यावर आधारलेला कॉर्सेअर एच५० हा शीतक २००९ मध्ये बाजारात आला आणि द्रवशीतन सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. 'एआयओ' या नावाने आज विकला जाणारा शीतक तो हाच.

या शीतकाचे चार भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची थंड पट्टी. तिच्या आतील बाजूस केसासारख्या बारीक खाचा कोरलेल्या असतात. दुसरा भाग पंप, तिसरा रबरी नळ्यांची जोडी आणि चौथा पंखे लावलेला रेडिएटर. मोटारगाडीच्या रेडिएटरप्रमाणेच याचेही कार्य चालते. प्रोसेसरची उष्णता थंड पट्टी घेते, खाचांतून वाहणारा द्रव ती उचलतो, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांना देतो आणि पंखे ती खोलीतील हवेत सोडतात.

द्रवाचा उपयोग का होतो, याचे उत्तर त्याच्या उष्णताधारणेत आहे. समान आकारमानाचे पाणी व हवा घेतल्यास तापमान एक अंशाने वाढविण्यासाठी पाण्याला सुमारे साडेतीन हजार पट उष्णता लागते. २५० वॅट उष्णता वाहून नेताना मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर त्याचे तापमान एका फेरीत केवळ साडेतीन अंशांच्या आसपास वाढते. तीच उष्णता हवेने नेताना तिचे तापमान दहा अंशांनी वाढू द्यायचे म्हटले, तरी मिनिटाला सव्वा घनमीटर हवा लागते.

तथापि येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. द्रव हा केवळ वाहक आहे. शेवटी उष्णता हवेतच जाते, आणि तीही त्याच खोलीतील हवेत. म्हणून द्रवशीतक असो वा वायुशीतक, प्रोसेसर खोलीच्या तापमानाहून थंड होऊ शकत नाही. द्रवशीतक म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे.

४. निवडीचे निकष :

४.१ प्रोसेसरची प्रत्यक्ष उष्णता :
शीतकाची कामगिरी 'औष्णिक रोध' या राशीने मोजतात. एक वॅट उष्णतेमागे प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा किती अंशांनी वाढते, ते ही राशी सांगते. खोलीच्या तापमानात वॅट व औष्णिक रोध यांचा गुणाकार मिळविला की प्रोसेसरचे अंदाजे तापमान मिळते. उदाहरणादाखल चांगल्या द्रवशीतकाचा रोध प्रति वॅट ०.२० अंश आणि चांगल्या वायुशीतकाचा ०.२५ अंश मानू. हे आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते प्रोसेसरनुसार बदलतात.

तक्ता क्र. १ : प्रोसेसरचे अंदाजे तापमान (अंश सेल्सिअस)

| प्रोसेसरची उष्णता | खोलीचे तापमान | वायुशीतक | द्रवशीतक |
|---|---|---|---|
| ८० वॅट | २५ | ४५ | ४१ |
| ८० वॅट | ४२ | ६२ | ५८ |
| २५० वॅट | २५ | ८७.५ | ७५ |
| २५० वॅट | ४२ | १०४.५ | ९२ |

या तक्त्यावरून दोन निष्कर्ष निघतात. ८० वॅटच्या प्रोसेसरला द्रवशीतकामुळे केवळ चार अंशांचा लाभ होतो व त्याचा कामगिरीवर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. २५० वॅटच्या प्रोसेसरला मात्र साडेबारा अंशांचा फरक पडतो आणि उन्हाळ्यात तोच निर्णायक ठरतो. कोअर आय९-१४९००के ची तापमानमर्यादा १०० अंश आहे. ती गाठताच प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो. म्हणजे तक्त्यातील १०४.५ हा आकडा प्रत्यक्षात कधी दिसणार नाही. त्याऐवजी संगणक मंद झालेला दिसेल.

येथे खेळांसंबंधीचे एक वास्तव ध्यानात घ्यावे लागते. खेळ चालू असताना प्रोसेसरचे सर्व गाभे क्वचितच पूर्ण भाराने काम करतात. खेळांसाठी नावाजलेला एएमडी रायझन ७ ७८००एक्स३डी (२०२३) हा प्रोसेसर खेळांत बहुधा ८० वॅटच्या आतच राहतो. अशा संगणकाला दोन मनोऱ्यांचा चांगला वायुशीतक पूर्णपणे पुरतो आणि त्याची किंमत मोठ्या द्रवशीतकाच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. याउलट चलचित्रांचे रूपांतरण, त्रिमितीय चित्रनिर्मिती किंवा दीर्घ गणने या कामांत सर्व गाभे तासन् तास पूर्ण भाराने चालतात. तेथे द्रवशीतकाचा खर्च सार्थकी लागतो. तात्पर्य, निवड करताना प्रोसेसरच्या नावापेक्षा तो कोणत्या कामासाठी किती वीज घेणार, हे आधी पाहावे.

४.२ खोलीचे तापमान :
शीतकांच्या बहुतेक चाचण्या वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत घेतल्या जातात. विदर्भात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५ अंशांपुढे जाते आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत चाळीस-बेचाळीस अंश ही नवलाची गोष्ट नसते. चाचणीत ७८ अंश दाखविणारा संगणक अशा खोलीत ९५ अंशांच्या घरात जातो. यात शीतकाचा दोष नसतो. आधारतळच सतरा अंशांनी वर सरकलेला असतो. म्हणून परदेशी चाचणीतील आकडा वाचताना त्यात आपल्या उन्हाळ्याची भर घालूनच निर्णय घ्यावा.

कोकणपट्टीत वेगळी शंका विचारली जाते. दमट हवेत थंड नळ्यांवर दव साचून मदरबोर्ड बिघडेल काय? बंदिस्त द्रवशीतकाच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. दव साचण्यासाठी पृष्ठभाग हवेहून थंड असावा लागतो आणि या शीतकातील द्रव चालू स्थितीत हवेहून नेहमी किंचित उष्णच असतो. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी असलेल्या वाळ्याच्या कूलरपुढे मात्र संगणक ठेवू नये. त्यामुळे खोलीचे तापमान उतरते हे खरे. परंतु थेट झोतातून येणारे तुषार व त्यांतील क्षार संगणकाला अपायकारक ठरतात.

४.३ रेडिएटरचा आकार :
रेडिएटरचा आकार त्यावर बसणाऱ्या पंख्यांवरून सांगतात. १२० मिलिमीटरचे एक, दोन वा तीन पंखे असल्यास १२०, २४० व ३६०. तर १४० मिलिमीटरचे पंखे असल्यास १४०, २८० व ४२० असे आकार होतात. या आकड्यांनी ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असतो. २४० च्या रेडिएटरवरील पंख्यांचे क्षेत्रफळ २८,८०० चौरस मिलिमीटर, २८० चे ३९,२०० आणि ३६० चे ४३,२०० चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे २८० हा आकार नावाने २४० च्या जवळचा वाटला तरी क्षेत्रफळाने त्याच्याहून ३६ टक्के मोठा आहे आणि ३६० हा त्याच्याहून केवळ १० टक्के मोठा आहे. कॅबिनेटमध्ये ३६० बसत नसेल तर २८० हा उत्तम पर्याय होय. १२० आकाराच्या द्रवशीतकाला मात्र फारसे प्रयोजन उरत नाही. त्याच किमतीचा वायुशीतक बहुधा त्याची बरोबरी करतो.

४.४ सॉकेट व कॅबिनेट :
शीतकासोबत प्रोसेसरच्या सॉकेटला अनुरूप पट्ट्या मिळतात काय, हे खरेदीपूर्वीच तपासावे. इंटेलच्या एलजीए १२०० या सॉकेटात स्क्रूच्या छिद्रांतील अंतर ७५ मिलिमीटर होते. २०२१ मधील एलजीए १७०० पासून ते ७८ मिलिमीटर झाले आणि २०२४ मधील एलजीए १८५१ मध्ये तेच कायम राहिले. म्हणून जुना शीतक नव्या मदरबोर्डवर बसवायचा असल्यास नव्या पट्ट्या लागतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर एएम४ चे बहुतेक शीतक चालतात. मात्र एएम५ ची मागील पट्टी सॉकेटचाच भाग असल्याने जे शीतक स्वतःची मागील पट्टी मागतात ते तेथे बसत नाहीत.

कॅबिनेटच्या बाबतीत जाडी मोजणे महत्त्वाचे असते. सर्वसाधारण रेडिएटर २७ मिलिमीटर व पंखा २५ मिलिमीटर जाडीचा असतो. दोन्ही मिळून ५२ मिलिमीटर जागा लागते. छताखाली एवढी जागा नसल्यास पंखे रॅमच्या पट्ट्यांना किंवा मदरबोर्डवरील धातूच्या आच्छादनाला अडतात. वायुशीतकाच्या बाबतीत हीच अडचण उंचीची असते. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा मोठा वायुशीतक १६५ मिलिमीटर उंच असतो आणि अरुंद कॅबिनेटची बाजू त्यावर लागत नाही.

५. जोडणी :

५.१ रेडिएटरची जागा :
बंदिस्त शीतकात द्रव काठोकाठ भरलेला नसतो. थोडी हवा आरंभापासूनच असते आणि रबरी नळ्यांतून अत्यल्प द्रव वर्षानुवर्षे झिरपून जात असल्याने ती हळूहळू वाढते. ही हवा मार्गातील सर्वांत उंच ठिकाणी जमते. ते ठिकाण पंप असेल तर पंपात हवा शिरते, खळखळ आवाज येतो, वंगण व प्रवाह कमी पडतो आणि पंपाचे आयुष्य घटते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच असावा, हा जोडणीतील पहिला नियम होय.

या नियमानुसार कॅबिनेटच्या छताला रेडिएटर लावून पंख्यांनी हवा वर बाहेर टाकणे ही सर्वांत निर्धोक मांडणी ठरते. पुढील बाजूस उभा रेडिएटर लावल्यास त्याचे वरचे टोक पंपाच्या वर येईल असे पाहावे. नळ्या पोहोचत असतील तर त्यांची तोंडे खाली ठेवावीत. तळाशी रेडिएटर लावणे टाळावे, कारण तेथे पंपच सर्वांत उंच होतो.

छत व पुढील बाजू यांतील निवड ही एक तडजोड आहे. पुढे लावलेल्या रेडिएटरला खोलीतील ताजी हवा मिळते व प्रोसेसर काही अंशांनी थंड राहतो; परंतु तीच तापलेली हवा ग्राफिक्स कार्डाकडे जाते. खेळांच्या संगणकात खरी उष्णता ग्राफिक्स कार्डाची असते. एनव्हीडिया आरटीएक्स ४०९० (२०२२) ची वीजमर्यादा ४५० वॅट व आरटीएक्स ५०९० (२०२५) ची ५७५ वॅट आहे. प्रोसेसरचे चार अंश वाचविण्यासाठी कार्ड तापविणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून अशा संगणकात छतावरील मांडणीच श्रेयस्कर ठरते.

५.२ जोडणीचा क्रम :
१) मदरबोर्डचे बायोस प्रथम अद्ययावत करावे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी आल्या. प्रमाणाबाहेर विद्युतदाब हे त्यांचे कारण असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केले, सुधारित मायक्रोकोड दिला व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. हा दोष उत्तमोत्तम शीतकानेही दूर होणारा नव्हता.
२) जुना शीतक काढताना संगणक थोडा वेळ चालवून थर्मल पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून वायर काढावी आणि शीतक किंचित फिरवून सैल करावा. एएम४ प्रोसेसरच्या पिना खालच्या बाजूस असल्याने सरळ ओढल्यास शीतकासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात.
३) प्रोसेसरचा पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावा.
४) पंखे रेडिएटरवर बसविताना हवेची दिशा तपासावी. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराचे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पंख्याचे लांब स्क्रू बळाने आत घालू नयेत. त्यांचे टोक रेडिएटरच्या पत्र्यात घुसून गळती होऊ शकते.
५) रेडिएटर कॅबिनेटला लावावा व नळ्यांना तीव्र वाक येणार नाही असे पाहावे.
६) थंड पट्टीवरील पारदर्शक संरक्षक चकती काढून टाकावी. ती तशीच राहणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे आणि तिच्यामुळे संगणक मिनिटभरातच तापतो.
७) कारखान्यातून पेस्ट लावलेली नसल्यास मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी ठेवावी. पेस्टचे काम केवळ दोन धातूंमधील सूक्ष्म फटी भरून काढणे एवढेच आहे. जाड थर उष्णतेला अडवितो.
८) पंप सरळ खाली टेकवून समोरासमोरचे स्क्रू कर्णाकृती क्रमाने थोडेथोडे आवळावेत. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसरा घेतल्यास दाब असमान पडतो.
९) पंपाची वायर मदरबोर्डवरील 'एआयओ पंप' या जोडणीला लावून पंप पूर्ण व स्थिर गतीने चालू ठेवावा. पंख्यांची वायर 'सीपीयू फॅन' या जोडणीला लावावी.
१०) काही मदरबोर्ड पहिल्या सुरुवातीस शीतकाचा प्रकार विचारतात. तेथे 'वॉटर कूलर' हा पर्याय निवडल्यास प्रोसेसरची वीजमर्यादा जवळजवळ काढून टाकली जाते. हे बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. प्रोसेसर उत्पादकाने सांगितलेली मर्यादाच ठेवावी.

६. चाचणी व देखभाल :
जोडणीनंतर एचडब्ल्यूइन्फो सारख्या आज्ञावलीने तापमान व पंपाची गती पाहत सिनेबेंच सारखी पूर्ण भाराची चाचणी घ्यावी. द्रवाला स्थिर तापमान गाठण्यास वेळ लागतो. त्यामुळे दोन मिनिटांचा आकडा फसवा असतो. किमान अर्धा तास चाचणी चालवून मगच निष्कर्ष काढावा आणि त्या वेळचे खोलीचे तापमानही नोंदवून ठेवावे. भविष्यात तुलना करावयाची असल्यास 'प्रोसेसर वजा खोली' हाच आकडा उपयोगी पडतो. तो वाढत गेला तर धूळ, सुकलेली पेस्ट किंवा थकलेला पंप यांपैकी काहीतरी कारण असते. भार देताच काही सेकंदांत तापमान मर्यादेला भिडत असेल आणि नळ्या मात्र थंडच राहत असतील, तर द्रव वाहत नाही असे समजावे.

देखभालीतील मुख्य शत्रू धूळ हाच आहे. रेडिएटरच्या पत्र्यांमधील अंतर फार कमी असते व पंख्यामागे धुळीचा नमदा तयार झाला की हवा अडते. रस्त्यालगतच्या खोलीत दर दोन-तीन महिन्यांनी आणि इतरत्र सहा महिन्यांनी ब्रश वा ब्लोअरने ती काढावी. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत.

बंदिस्त शीतक उघडून त्यात नळाचे पाणी भरण्याचा मोह टाळावा. थंड पट्टी तांब्याची व रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. हे दोन धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. मूळ द्रवात हा गंज रोखणारी रसायने मिसळलेली असतात. उत्पादनातील दोषही अशक्य नसतात. आर्क्टिक या कंपनीने २०२२ मध्ये आपल्या एका मालिकेतील रबरी गॅस्केटमुळे तांब्याला गंज लागत असल्याचे स्वतःच जाहीर करून ग्राहकांना दुरुस्तीचा संच पुरविला होता. म्हणून हमीची मुदत हा किमतीइतकाच महत्त्वाचा निकष होय. चांगल्या शीतकांना पाच-सहा वर्षांची हमी मिळते आणि त्याचे आयुष्यही साधारण तेवढेच धरून चालावे. वायुशीतकात मात्र फिरणारा भाग पंखा एवढाच असतो. तो बदलला की शीतक पुन्हा नव्यासारखा होतो.

७. प्रयोगशाळेच्या दृष्टीने विचार :
महाविद्यालयात असे संगणक घेताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो. पूर्ण भाराखाली एक संगणक ६०० वॅट वीज घेत असेल, तर तो खोलीत ६०० वॅटचा हीटरच ठरतो. शीतक कोणताही असो, या आकड्यात फरक पडत नाही. एक टन वातानुकूलन म्हणजे सुमारे ३५१७ वॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता. अर्थात असे सहा संगणक एकाच वेळी पूर्ण भाराने चालले, तर एक टनाचे यंत्र त्यांतच खर्ची पडते; वीस संगणकांसाठी जवळजवळ साडेतीन टन लागतात आणि विद्यार्थी, दिवे व उन्हाने तापलेले छत यांचा भार वेगळाच.

त्यामुळे प्रत्येक संगणकात महाग द्रवशीतक बसवून खोलीच्या वायुवीजनाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे रोगाऐवजी लक्षणावर उपचार करणे होय. अशा प्रयोगशाळेसाठी वायुशीतक, धुळीला अटकाव करणाऱ्या जाळ्यांचे मोकळे कॅबिनेट, बायोसमधील मर्यादित वीजपुरवठा आणि उष्ण हवा बाहेर काढणारे पंखे ही योजना बहुधा अधिक टिकाऊ व कमी खर्चाची ठरते. प्रयोगशाळा सहायकाला द्रवशीतकाची देखभाल करावी लागणार, पंप बिघडल्यास सुटा भाग मिळणार नाही, पूर्ण शीतकच बदलावा लागणार, हेही खरेदी समितीने लक्षात घ्यावे. एखाददुसऱ्या चलचित्र-संपादनाच्या वा गणनाच्या संगणकासाठी मात्र ३६० चा द्रवशीतक हा योग्य खर्च होय.

८. निष्कर्ष :
१) द्रवशीतक उष्णता स्थलांतरित करतो, नष्ट करीत नाही, खोलीचे तापमान हाच त्याचा आधारतळ असतो.
२) केवळ खेळांसाठी आणि ८० ते १२० वॅटच्या प्रोसेसरसाठी चांगला वायुशीतक पुरेसा आहे, २०० वॅटच्या पुढे दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी २८० वा ३६० आकाराचा द्रवशीतक उपयुक्त ठरतो.
३) रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच ठेवणे आणि ग्राफिक्स कार्डाची हवा न तापविणे, हे जोडणीतील प्रमुख नियम आहेत.
४) परदेशी चाचण्यांतील आकडे महाराष्ट्रातील उन्हाळ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.
५) वीजमर्यादा कमी करणे हा शीतनाचा सर्वांत स्वस्त उपाय असून त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.

एकंदरीत, शीतकाची निवड हा प्रतिष्ठेचा किंवा रंगीत दिव्यांचा विषय नसून उष्णतेच्या हिशेबाचा विषय आहे. किती वॅट, कोणत्या खोलीत आणि किती वेळ, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडल्यानंतर दुकानात गेल्यास खर्च वाया जाण्याचा संभव फारच कमी राहतो.